बेस्टचे अनुदान कमी केले तर खासगी पर्याय पुरे पडतील का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बेस्टचा परिवहन विभाग अनेक वर्षे तोट्यात आहे आणि मुंबई महानगरपालिका तो तोटा भरून काढण्यासाठी दरवर्षी शेकडो कोटी रुपये देते. दुसरीकडे मेट्रोचे जाळे वाढत आहे. बीकेसी, पवई, लोअर परळ अशा कार्यालयीन भागांकडे ॲपवर आसन आरक्षित करता येणाऱ्या वातानुकूलित बस धावतात. आणि जवळपास प्रत्येक स्थानकाबाहेर शेअर रिक्षा किंवा शेअर टॅक्सी उभ्या असतात. मग हे अनुदान हळूहळू कमी करून बससेवा खासगी व्यावसायिकांवर सोपवली, तर प्रवाशांचे नेमके काय बिघडेल?

माझे बरेचसे काम शहरी बससेवांची वेळापत्रके आणि बस पुरवठ्याची कंत्राटे यांच्याशी निगडित राहिले आहे, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने देणे मला जमेल. ठाण्याहून किंवा बोरिवलीहून सकाळी ठरावीक वेळी बीकेसीला जाणाऱ्या आणि प्रवासावर महिन्याला काही हजार रुपये खर्च करू शकणाऱ्या माणसाचे लगेच फार काही बिघडणार नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. बिघडेल ते गोवंडीच्या शिवाजीनगरमधून पहाटे निघून चेंबूरच्या सोसायट्यांत घरकामाला जाणाऱ्या बाईचे, घाटकोपर-विक्रोळीच्या टेकड्यांवर राहणाऱ्या आणि दुपारी शाळा सुटल्यावर घरी परतणाऱ्या मुलांचे, रात्री उशिरा रुग्णालयातली पाळी संपवून निघणाऱ्या कर्मचाऱ्याचे, आणि रेल्वेचा जिना चढणे आता झेपत नाही म्हणून दादरहून परळला बसनेच जाणाऱ्या ज्येष्ठाचे. या लोकांना खासगी पर्याय मिळणार नाही, आणि त्यामागे व्यावसायिकांचा दुष्टपणा नाही, साधा हिशेब आहे. तो हिशेब समजून घेतल्याखेरीज अनुदानाची चर्चा पुढे सरकत नाही.

बसमार्गाचा दिवस साधारण पहाटे साडेचारला सुरू होतो आणि मध्यरात्रीपर्यंत चालतो. त्यातले सकाळचे अडीच-तीन तास आणि संध्याकाळचे तीन-चार तास गाडी भरलेली असते, तीही बहुधा एकाच दिशेने. सकाळी उपनगरातून स्थानकाकडे भरून गेलेली गाडी परतताना अर्धी रिकामी असते. दुपारी ती आणखी रिकामी होते. आगारातून पहिल्या थांब्यापर्यंत आणि रात्री शेवटच्या थांब्यापासून आगारापर्यंतचे अंतर तर प्रवाशाविनाच कापावे लागते. चालकाचा पगार, गाडीचा हप्ता, विमा आणि देखभाल मात्र चोवीस तासांसाठी मोजावी लागते. सार्वजनिक उपक्रम भरलेल्या फेरीचे उत्पन्न रिकाम्या फेरीवर खर्च करतो आणि तरीही जी तूट उरते ती अनुदानातून भरतो. खासगी व्यावसायिकाला मोकळीक दिली, तर तो भरलेल्या फेऱ्या तेवढ्या घेईल आणि रिकाम्या सोडून देईल. त्याच्या जागी कोणीही तेच करेल. परिणामी सार्वजनिक सेवेच्या वाट्याला फक्त रिकाम्या फेऱ्या राहतात, तिचा तोटा आणखी फुगतो, आणि तो फुगलेला आकडा दाखवून आणखी कपातीची मागणी होते.

बेस्टच्या बाबतीत ही तूट फार काळ दिसली नाही, कारण ती विजेच्या बिलात मिसळलेली होती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी महापालिकेने वीज आणि वाहतूक असा जोड उपक्रम ताब्यात घेतला, तेव्हापासून शहर भागातल्या वीजविक्रीची शिल्लक बससेवेच्या कामी येत असे. २००३ च्या वीज कायद्यानंतर वीजदर नियामक आयोगाच्या अखत्यारीत गेले आणि बसचा तोटा वीजग्राहकाने का भरावा, हा प्रश्न कायदेशीर लढाईपर्यंत गेला. काही वर्षे परिवहन तूट वसुलीचा वेगळा आकार बिलात घेण्याची मुभा होती. गेल्या दशकाच्या मध्यास तीही संपली. वीजग्राहकाच्या बाजूने पाहिले तर हा निर्णय समजण्यासारखा आहे. परंतु एक आधार काढून घेताना त्याच्या जागी दुसरा कायमस्वरूपी आधार उभा करण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही, आणि माझ्या मते बेस्टच्या आजच्या अवस्थेचे खरे मूळ तिथे आहे.

त्यानंतर बेस्ट दरवर्षी महापालिकेच्या दारात उभी राहू लागली. सुरुवातीची मोठी मदत व्याजी कर्जाच्या रूपात होती. जानेवारी २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांनी केलेला नऊ दिवसांचा संप बेस्टच्या इतिहासातला सर्वांत लांब संप ठरला, आणि त्यातल्या मागण्यांत बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करण्याची मागणी होती. तो विलीन झाला नाही. त्याऐवजी अनुदानाच्या रकमा वर्षागणिक ठरू लागल्या. २०२५-२६ च्या महापालिका अर्थसंकल्पात बेस्टसाठी १,००० कोटी रुपये होते. त्या अर्थसंकल्पाचा एकूण आकार ७४,४२७ कोटी रुपये होता, म्हणजे हे प्रमाण दीड टक्क्याच्याही खाली आहे. २०१२-१३ पासून पुढच्या बारा वर्षांत दिलेली सगळी मदत एकत्र केली तर ती अकरा हजार कोटींच्या आसपास भरते. याच महापालिकेने मरीन ड्राइव्ह ते वरळी हा साडेदहा किलोमीटरचा किनारी रस्ता सुमारे चौदा हजार कोटी रुपये खर्चून बांधला आणि तो पथकराविना खुला केला. रस्ता बांधू नये असे माझे म्हणणे नाही. बसवरच्या खर्चाला तोटा म्हणायचे आणि मोटारींसाठीच्या खर्चाला गुंतवणूक म्हणायचे, ही मोजमापाची पद्धत मात्र मला मान्य नाही.

आता कपात म्हणजे काय, हेही नीट पाहायला हवे, कारण ती क्वचितच त्या नावाने येते. अनुदानाचा आकडा तोच राहतो, प्रसंगी वाढतोही. पण तो पगार, थकीत देणी, कर्जफेड आणि भाड्याच्या गाड्यांची बिले यांत संपतो आणि नव्या गाड्यांसाठी काही उरत नाही. दहा-बारा वर्षे असे चालले की एके दिवशी ताफा म्हातारा झालेला असतो. बेस्टने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाच्या काळात मोठ्या संख्येने गाड्या घेतल्या होत्या. त्या एकाच सुमारास घेतल्यामुळे एकाच सुमारास वयोमर्यादेला आल्या, आणि सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरच्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द करण्याच्या केंद्राच्या नियमाने उरलीसुरली सवलतही संपली. जून २०१९ मध्ये कर्मचारी संघटनेबरोबर झालेल्या करारात स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ गाड्या कायम ठेवण्याचे आश्वासन होते. आज मालकीच्या गाड्या हजाराच्या बऱ्याच खाली आल्या आहेत आणि भाड्याच्या गाड्या धरूनही एकूण ताफा तीन हजारांपर्यंत पोचत नाही. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाचा मापदंड दर लाख लोकसंख्येमागे ४० ते ६० गाड्यांचा आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. तीच धरली तरी किमान पाच हजार गाड्या हव्यात.

ताफा कमी झाल्याचे प्रवाशाला कळते ते थांब्यावर, आणि इथे वेळापत्रकाच्या कामातला एक मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण बाहेरच्या चर्चेत तो सहसा येत नाही. एखाद्या मार्गावर दर दहा मिनिटांनी गाडी असेल आणि त्या ठरल्याप्रमाणे येत असतील, तर न ठरवता थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. त्याच मार्गावर तितक्याच गाड्या वाहतुकीच्या कोंडीमुळे दोन-दोन एकत्र येऊ लागल्या, म्हणजे वीस मिनिटांनी एकदम दोन गाड्या, तर सरासरी प्रतीक्षा दहा मिनिटांवर जाते. कागदावर एकही फेरी कमी झालेली नसते, सेवा मात्र निम्मी झालेली असते. शिवाय पहिली गाडी खच्चून भरते, प्रत्येक थांब्यावर जास्त वेळ घेते आणि आणखी मागे पडते. दुसरी तिच्या मागे रिकामी धावते. याला उपाय म्हणून मार्गावर मोक्याच्या ठिकाणी नियंत्रक असतात, जे एखादी गाडी दोन मिनिटे रोखतात, एखादी मध्येच वळवून परत पाठवतात, आणि आगारात एखादी राखीव गाडी तयार ठेवतात. पैसा आटला की सर्वांत आधी हेच काढले जाते: राखीव गाडी, नियंत्रक, बसचौकीवरचा माणूस. अंदाजपत्रकात ते अनावश्यक दिसतात. ते गेल्यावर प्रवासी बस वेळेवर येत नाही म्हणून रिक्षाकडे वळतो, आणि त्याचे कारण प्रवाशांना आता बस नको आहे असे नोंदवले जाते.

प्रवाशांना बस नको आहे, हे तर मुंबईच्या अनुभवाने खोटेच ठरवले आहे. २००९-१० च्या सुमारास रोज चाळीस लाखांहून अधिक लोक बेस्टने जात असत. पुढच्या दशकात भाडे वाढत गेले, फेऱ्या कमी होत गेल्या आणि २०१९ च्या पूर्वार्धात हा आकडा वीस लाखांच्या आसपास घसरला. मग महापालिकेने ६०० कोटी रुपयांच्या मदतीला भाडेकपात आणि ताफावाढीची अट जोडली, ९ जुलै २०१९ पासून साध्या बसचे किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपये आणि वातानुकूलित बसचे सहा रुपये झाले, आणि काही महिन्यांतच प्रवासीसंख्येने तीस लाखांची पातळी गाठली. गाड्या त्या प्रमाणात वाढल्या नव्हत्या, तरीही लोक परत आले. ९ मे २०२५ रोजी हे भाडे दुप्पट करून अनुक्रमे दहा आणि बारा रुपये करण्यात आले आणि प्रवासी पुन्हा घटले. भाडे कधीच वाढू नये असे मी म्हणणार नाही. पाच रुपये फार काळ टिकणारे नव्हते. परंतु सेवा सुधारण्याआधी एका दमात दुप्पट भाडे आकारणे हा चुकीचा क्रम होता. त्याआधी सातच महिने, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर मोटारी आणि इतर हलक्या वाहनांना पथकर माफ झाला होता आणि त्याची भरपाई सरकारी तिजोरीतून होणार होती. वर्षभराच्या आत मोटारचालकाला सवलत आणि बसप्रवाशाला दुप्पट भाडे, हे शहराच्या हिताचे धोरण आहे असे मला वाटत नाही.

खासगी सहभागाचे मुंबईतले सर्वांत मोठे रूप म्हणजे भाडेतत्त्वावरच्या, ज्याला सगळे वेट लीज म्हणतात त्या, बसगाड्या. यात गाडी, चालक आणि देखभाल कंत्राटदाराची असते. मार्ग, वेळापत्रक आणि तिकिटाचे उत्पन्न बेस्टचे असते. आणि बेस्ट कंत्राटदाराला धावलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे ठरलेला दर देते. ही पद्धत मुळात वाईट नाही, आणि ती सरसकट नाकारणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. लंडनमध्ये शहरातल्या बसगाड्या खासगी कंपन्याच चालवतात, परंतु मार्ग, भाडे आणि वेळापत्रक सार्वजनिक प्राधिकरण ठरवते. त्याच देशात लंडन वगळून इतरत्र ऑक्टोबर १९८६ पासून बससेवा नियंत्रणमुक्त झाली, म्हणजे कोणीही परवाना घेऊन हव्या त्या मार्गावर हव्या त्या भाड्याने गाडी चालवावी. पुढच्या काही दशकांत लंडनचे बसप्रवासी वाढले आणि इतर मोठ्या शहरांतले घटत गेले. अखेर ग्रेटर मँचेस्टरने सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने आपली बससेवा पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणली. चालवणारा खासगी असणे आणि ठरवणारा खासगी असणे, यांत इतके अंतर आहे.

दिल्लीने हेच अधिक कटू पद्धतीने अनुभवले. १९९२ पासून तिथे खासगी बसमालकांना मार्ग दिले गेले आणि तिकिटाचे उत्पन्न मालकाकडेच राहिले. पुढचा प्रवासी आपल्याला मिळावा म्हणून गाड्या एकमेकींशी शर्यत लावू लागल्या, थांब्यावर नीट न थांबता माणसे चढवू-उतरवू लागल्या, आणि या गाड्यांचे ब्लूलाइन हे नाव अपघाती मृत्यूंशी जोडले गेले. २०१२ च्या सुमारास ही सेवा पूर्णपणे हटवावी लागली. मुंबईचा प्रति किलोमीटर दर हा त्या तुलनेत कितीतरी सुरक्षित करार आहे, कारण त्यात चालकाला प्रवासी पळवण्याचे कारण उरत नाही.

मग मुंबईत वेट लीज का अडखळली? कारण ती सेवा सुधारण्यासाठी आली नाही, स्वतःच्या गाड्या घेण्यासाठी पैसा नाही म्हणून आली. खर्च कमीत कमी दाखवायचा असल्यामुळे दर खाली खेचले गेले, आणि खाली खेचलेल्या दराचा भार चालकाच्या पगारावर आणि देखभालीवर पडला. २०२२ मध्ये मिनीबस पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराचे काम थांबले आणि पावणेतीनशेच्या आसपास गाड्या सेवेतून गेल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये आगीच्या घटनांनंतर भाड्याच्या ४०० सीएनजी गाड्या रस्त्यावरून काढाव्या लागल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये भाड्याच्या गाड्यांवरच्या चालकांनी वेतनवाढीसाठी काम बंद केले आणि आठवडाभर शहरातल्या अनेक आगारांतून गाड्या निघाल्या नाहीत. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्याला भाड्याच्या विजेवरच्या बसने गर्दीत माणसांना चिरडले, आणि चालकाला विजेच्या गाडीचे पुरेसे प्रशिक्षण मिळाले होते का, हा प्रश्न साऱ्या शहराने विचारला. मोठ्या प्रमाणावर मागवलेल्या विजेच्या गाड्याही ठरलेल्या वेळेत आल्या नाहीत.

या प्रत्येक प्रसंगी कराराने बेस्टला दंड आकारण्याचा हक्क दिलेला असतो. प्रत्यक्षात तो हक्क कमकुवत ठरतो, कारण कंत्राटदार गेला तर त्याच्या जागी रस्त्यावर आणायला बेस्टकडे स्वतःची गाडी उरलेली नसते. करार करणाऱ्या दोन बाजूंपैकी एकीला दुसरा मार्गच नसेल, तर करारातली कलमे कितीही कडक असोत, ती वापरता येत नाहीत. म्हणून मालकीचा ताफा एकूण गाड्यांच्या निम्म्याहून खाली जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. भावनिक कारणासाठी नव्हे, तर कंत्राटदाराला वठणीवर ठेवण्यासाठी, खरा खर्च किती येतो हे स्वतःच्या अनुभवाने कळण्यासाठी, आणि विजेच्या गाड्यांवर काम करू शकणारे तंत्रज्ञ व चालक घरात तयार होण्यासाठी तो लागतो.

ॲपवरच्या खासगी बसविषयी वेगळे बोलावे लागेल. त्या चांगली सेवा देतात. आसन निश्चित असते, गाडी कुठे आहे ते दिसते, आणि अनेकांनी त्यामुळे मोटार घरी ठेवली आहे. अशा प्रवाशाला रस्त्यावर मोटारीऐवजी बसमध्ये पाहणे मला आवडते. मात्र या बहुतेक सेवा मोटार वाहन कायद्यानुसार कंत्राटी वाहतुकीच्या परवान्यावर चालतात. त्या परवान्यात ठरलेल्या प्रवाशांना ठरलेल्या ठिकाणी नेता येते. वाटेत थांब्याथांब्यावर कोणालाही चढवण्या-उतरवण्यासाठी टप्पा वाहतुकीचा वेगळा परवाना लागतो. सेवेची रचनाही तशीच आहे: मोजके मार्ग, गर्दीचे तास, लांबचा प्रवास, आगाऊ पैसे. रविवारी किंवा सणाच्या दिवशी मागणी नसेल तर गाडी नसते, आणि ती असावी असे बंधनही नाही. बेस्टने स्वतः डिसेंबर २०२२ मध्ये ॲपवर आधारित प्रीमियम बस सुरू केली, त्यावरून अशा सेवेला सार्वजनिक छत्राखालीही जागा आहे हे दिसले. खासगी सेवांना परवाना द्यावा, थांबण्याच्या जागा आखून द्याव्यात, त्या जागेचे शुल्क घ्यावे आणि प्रवासाची माहिती नियोजनासाठी मागावी. परंतु त्यांच्या फेऱ्या मोजून तेवढ्या बेस्टच्या फेऱ्या कमी करता येतील, असे मानणे चूक आहे, कारण दोन्हींचे प्रवासी निराळे आहेत.

बहुसंख्य मुंबईकरांसाठी बसचा खरा पर्याय म्हणजे शेअर रिक्षा. बस न आल्यामुळे स्थानकाबाहेर जी रांग लागते, तिच्यासमोर हेच एक वाहन असते. रिक्षाचालकांचे श्रम मी कमी लेखत नाही. बेस्टने सोडून दिलेले कितीतरी मार्ग आज तेच चालवतात. तरीही मर्यादा स्पष्ट आहेत. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगी नाही. एका रिक्षात तीन प्रवासी, म्हणजे एका बसमधले साठ प्रवासी नेण्यासाठी वीस रिक्षा, आणि त्या वीस रिक्षा स्थानकाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या की उरलेल्या बसही अडकतात. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास तिथे चालत नाही, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला जागा नाही, आणि गर्दीच्या वेळी किंवा पावसात ठरलेल्या दरापेक्षा जास्त मागितले तर दाद मागायला कोणी नसते. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला, तेव्हा राज्य सरकारने खासगी गाड्यांना थेट एसटी स्थानकांतून प्रवासी घेण्याची मुभा दिली होती. मोठ्या शहरांमधल्या मार्गांवर गाड्या मिळाल्या, महाग मिळाल्या. आडगावातल्या मुलींना तालुक्याच्या शाळेत नेणारी गाडी मात्र कोणी सुरू केली नाही. शहरात आडगावाच्या जागी टेकडीवरची वस्ती आणि रात्रीची शेवटची फेरी ठेवली, तर चित्र तेच राहते.

मेट्रोबद्दल थोडक्यात. मेट्रो बसची जागा घेत नाही, तिला बस लागते. स्थानकापासून दीड-दोन किलोमीटरवर राहणारा माणूस तिथपर्यंत पोचला तरच मेट्रो भरते. खासगी भागीदारीचा अनुभव तिथेही विचार करायला लावणारा आहे. जून २०१४ मध्ये सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मार्गाच्या करारातले मूळ भाडे ९ ते १३ रुपये होते, प्रत्यक्षात ते १० ते ४० रुपयांवर गेले, वर्षानुवर्षे वाद चालले, आणि २०२४ मध्ये राज्य सरकारने हा मार्ग विकत घेण्याचा विचार करून तो सोडूनही दिला.

पैसा कुठून आणायचा, या प्रश्नावर दरवेळी आगारांच्या जमिनीकडे बोट दाखवले जाते. बेस्टची सत्तावीस आगारे शहरातल्या मोक्याच्या जागी आहेत, हे खरे आहे. आगाराच्या वर बांधकाम करून भाड्याचे नियमित उत्पन्न मिळवायला माझा विरोध नाही, मात्र गाड्या उभ्या करण्याची जागा एका चौरस मीटरनेही कमी होता कामा नये. विजेच्या गाडीला चार्जिंगसाठी अधिक जागा आणि अधिक वेळ लागतो. आगार शहराबाहेर ढकलले तर रोज सकाळ-संध्याकाळ प्रवाशाविना कापायचे अंतर वाढते आणि तो खर्च कायमचा मागे लागतो. जमीन एकदाच विकता येते, तूट दरवर्षी येते.

त्यापेक्षा कमी खर्चाचा आणि लवकर फळ देणारा उपाय रस्त्यावर आहे. समजा, एक मार्ग दहा किलोमीटरचा आहे आणि गाडीचा सरासरी वेग ताशी दहा किलोमीटर आहे. जाऊन-येऊन दोन तास आणि दोन्ही टोकांचे मिळून वीस मिनिटे थांबणे, म्हणजे १४० मिनिटांचा फेरा. दर दहा मिनिटांनी गाडी सोडायला चौदा गाड्या लागतात. बससाठी राखीव मार्गिका देऊन वेग ताशी चौदा किलोमीटर झाला, तर तोच फेरा १०६ मिनिटांत होतो आणि त्याच चौदा गाड्यांत दर साडेसात मिनिटांनी गाडी सोडता येते. एकही गाडी न घेता, एकही चालक न नेमता सेवा तिसऱ्या हिश्श्याने वाढते. यासाठी रस्त्याच्या कडेला फुकट उभ्या असलेल्या मोटारी हलवाव्या लागतात आणि पार्किंगला खरी किंमत लावावी लागते. त्या शुल्काचे उत्पन्न थेट बससेवेला दिले, तर विजेचा आधार गेल्यापासून रिकामी असलेली जागा काही अंशी भरून निघेल.

अनुदानाची पद्धतही बदलली पाहिजे. दरवर्षी तूट पाहून रक्कम ठरवण्याऐवजी महापालिकेने बेस्टकडून सेवा विकत घ्यावी: अमुक इतके किलोमीटर, अमुक प्रभागात पहाटे पाच ते रात्री बारा दर इतक्या मिनिटांनी गाडी, आणि त्यासाठी पाच वर्षांचा ठरलेला दर. सेवा दिली नाही तर पैसे कापावेत, दिली तर ते वेळेवर मिळावेत. निवृत्त कर्मचाऱ्यांची ग्रॅच्युइटी आणि जुनी कर्जे यांचा भार या हिशेबातून वेगळा काढून स्वतंत्रपणे फेडावा, कारण वीस वर्षांपूर्वीच्या देण्याचा बोजा आजच्या फेरीवर टाकला की कोणताही मार्ग तोट्यातच दिसतो. अशा कराराखाली काही मार्ग खासगी कंत्राटदाराने चालवले तरी माझी हरकत नसेल. फक्त चालकाचे किमान वेतन आणि प्रशिक्षणाचे तास निविदेतच ठरलेले असावेत, म्हणजे स्पर्धा माणसाच्या पगारावर होणार नाही.

निर्णय कुठे होतात, हेही महत्त्वाचे आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार राहिला; त्या काळात नगरसेवकांची बेस्ट समितीही नव्हती. मार्ग बंद करणे, भाडेवाढ, कंत्राटे यांवर पूर्वी समितीच्या बैठकीत उघड प्रश्न विचारले जात. गेल्या काही वर्षांतले मोठे बदल त्या छाननीविना झाले.

ज्यांना आपल्या भागातली सेवा खरोखर किती कमी झाली हे जाणून घ्यायचे आहे, त्यांनी माहितीच्या अधिकारात एकूण तोट्याचा आकडा मागण्यापेक्षा आपल्या आगाराचे मार्गनिहाय तपशील मागावेत: प्रत्येक मार्गावर मंजूर गाड्या किती, वेळापत्रकानुसार फेऱ्या किती, प्रत्यक्ष धावलेल्या किती, आणि रद्द झालेल्या फेऱ्यांचे कारण गाडी नसणे, चालक नसणे, बिघाड की कोंडी. ही नोंद आगारात रोज होते. तीन वर्षांचे एकाच महिन्याचे आकडे शेजारी ठेवले की कपात कुठे झाली, ती कोणत्या तासांत झाली आणि तिथे कोणत्याही खासगी गाडीने जागा भरून काढली का, याचे उत्तर तुमच्या स्वतःच्या वस्तीपुरते तरी नेमके मिळेल, आणि आपल्या लोकप्रतिनिधीसमोर ते ठेवता येईल.